खोत मॅडमची चूक

माझ्या काउंटरवर लोकांनी आजवर काय काय नाही केलं! फोटोसाठी आणलेल्या बाळांनी तिथे कार्यक्रम उरकले आहेत. एका नवरदेवाने फेटा मनासारखा बसेना म्हणून तिथेच उभं राहून रडून घेतलं आहे. पण दगड चाटणारी बाई मी एकदाच पाहिली.

उज्जैनच्या टावर चौकातून आत वळलं की तिसऱ्या गाळ्यात माझा फोटो स्टुडिओ. एका दुपारी सत्तरीच्या एक बाई आल्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला खाकी झोळी. झोळीतून त्यांनी लिंबाएवढा दगड काढला, एका बाजूने जिभेने व्यवस्थित चाटला आणि माझ्या नाकासमोर धरून म्हणाल्या, "काढा लवकर, वाळायच्या आत."

मी गडबडलो. "मॅडम, पाण्याचा स्प्रे आहे माझ्याकडे."

"असू द्या. स्प्रेला चव कळत नाही."

मी दिवे लावले, लेन्स बदलली आणि आयुष्यात पहिल्यांदा दगडाचा फोटो काढला. ओल्या भागावर पिवळे ठिपके चमकत होते आणि त्यांच्या कडेला निळी-जांभळी झाक होती. मी न राहवून विचारलं, "सोनं आहे का हो?"

"नाव सांगू नका. काय दिसतंय ते सांगा."

"पिवळं दिसतंय. कडेला मोरपंखी."

"बास. एवढं जरी लोकांनी सांगितलं ना, तरी माझं निम्मं काम होतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की ते पिवळं म्हणजे कॅल्कोपायराइट, म्हणजे तांब्याचं खनिज, आणि मोरपंखी झाक त्याला हवा लागल्यामुळे येते. दगड झोळीत गेला आणि मॅडम निघून गेल्या. त्या दिवसापासून माझा स्टुडिओ हा त्यांचा हक्काचा अड्डा झाला.

निर्मला खोत हे त्यांचं नाव. वडील रेल्वेत होते, बदली होऊन नागद्याला आले आणि इकडचेच झाले. मॅडम उज्जैनलाच शिकल्या, भूगर्भशास्त्राची पदवी घेतली आणि सरकारी खात्यात लागल्या. खात्याचं नाव मी लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "फील्डवर होते." माधव नगरातल्या त्यांच्या घरात खुर्च्या दोन आणि दगड हजारभर. पाहुण्याला बसायला जागा करायची म्हणजे आधी एखादा गारगोटीचा धोंडा उचलून कपाटावर ठेवावा लागे.

"नाव सांगू नका, काय दिसतंय ते सांगा," हे त्यांचं पालुपद भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकावं लागे. डॉक्टर म्हणाले, "संधिवात आहे." मॅडम म्हणाल्या, "ते तुम्ही नाव सांगितलंत. गुडघ्यात काय दिसतंय?" डॉक्टरांनी निमूटपणे एक्स-रे दिव्यावर लावला.

माझ्या मेहुण्याला तर त्यांनी असा चीत केला की अजून आमच्याकडे तो किस्सा निघतो. प्रकाशचं कन्नौदकडे शेत आहे. तिथे विहीर खणताना त्याला पिवळा चमकता दगड सापडला. हा गृहस्थ दगड रुमालात बांधून थेट माझ्याकडे आला, शटर अर्धं खाली करायला लावलं आणि कुजबुजत म्हणाला, "दाजी, किसीको बोलना मत." नेमक्या मॅडम आत बसून चहा पीत होत्या. त्यांनी माझ्या मोरीतली फुटकी टाइल मागवली, तिची खरखरीत मागची बाजू वर केली आणि दगड तिच्यावर घासला.

"सोनं घासलं की रेघ सोनेरी येते. ही कशी आली?"

"काळी," प्रकाश कसाबसा म्हणाला.

"मग आता परत जा आणि विहीर पुरी खणा. पाणी लागेल."

आणि पाणी खरंच लागलं. प्रकाश तेव्हापासून त्यांना 'माताजी' म्हणतो.

अशा या हसत्या-खेळत्या बाईच्या मनात एक काटा होता, हे मला हरी टेकरीवर गेलो तेव्हा कळलं. एका रविवारी त्यांनी मला गाडी काढायला लावली. बागलीच्या पुढे घाट उतरलो. आपला माळवा म्हणजे काळ्या दगडाची जाड गोधडी, ती या घाटाखाली फाटते आणि तिच्या खालचे फार जुने खडक उघडे पडतात, असं मॅडमनी वाटेत समजावलं. गाडी ठेवून अर्धा तास चाललो. समोर एक बोडकी टेकडी होती. माथा गंजलेल्या लोखंडासारखा तांबूस, कुशीवर ठिकठिकाणी हिरवे ओघळ. त्या ओघळांमुळेच गाववाले तिला हरी, म्हणजे हिरवी, टेकरी म्हणतात.

"हिरवं म्हणजे मॅलॅकाइट. आत तांबं असलं की पावसापाण्याने ते असं बाहेर पाझरतं. माथ्यावरचा गंज म्हणजे झाकण. झाकण दिसलं की भांडं शोधायचं."

टेकडीवर जुने खड्डे होते, कुणी शेकडो वर्षांपूर्वी खणलेले. आता त्यांत हिरवट पाणी साठलं होतं. उतारावर एक लांबलचक ढिगारा होता, काळाकुट्ट, काचेसारखा चमकणारा. जुन्या लोकांनी तांबं वितळवून काढलं, त्याची ती मळी. मी कॅमेरा सरसावला. मॅडम मात्र ढिगाऱ्यावर बसून राहिल्या.

"शरदराव, एवढी राख पडलीय म्हणजे चूल लहान नसणार, बरोबर ना?"

"बरोबर."

"सरकारी रिपोर्ट म्हणतो, इथे चूलच नव्हती."

"कुणी लिहिला तो फालतू रिपोर्ट?"

"मी," मॅडम म्हणाल्या.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी खात्याने या टेकडीत चार ठिकाणी खोल भोकं पाडली होती. भोक पाडताना नळीतून दगडाची लांब कांडी तुकड्यातुकड्यांनी वर येते. तिला कोअर म्हणतात. हे तुकडे लाकडी पेट्यांत ओळीने मांडून ठेवायचे आणि भूगर्भतज्ज्ञाने ते वाचायचे, कुठल्या खोलीवर काय लागलं ते. हे वाचन मॅडमकडे आलं. नोकरीतलं पहिलंच मोठं काम. त्यांनी वाचलं आणि लिहिलं: तांब्याच्या शिरा आहेत, पण तुटक. एकही सलग मीटरभर जाड नाही. काम बंद करावे. काम बंद झालं. सगळे घाट चढून परत आले आणि टेकडीची फाइल मिटली.

"मग चुकलं काय?" मी विचारलं.

"तेच सापडत नाही ना! मी मन लावून वाचलं होतं हो. तुकडा न् तुकडा." त्यांनी मळीचा एक तुकडा उचलून हातात फिरवला. "पण हा ढीग मला खोटं पाडतो. दर वर्षी येते आणि दर वर्षी हा मला खोटं पाडतो."

मला त्यांची दया आली. तसं म्हणालो असतो तर मळीचा तुकडा डोक्यात बसला असता, म्हणून कॅमेऱ्याला डोळा लावला.

यानंतर दोनेक महिन्यांनी बातमी आली की देवास रोडकडचं खात्याचं जुनं गोदाम रिकामं होणार. हरी टेकरीच्या पेट्या तिथेच होत्या. सिंहस्थाच्या तयारीत शहरभर रस्ते आणि मैदानं चालली होती, भराव सगळ्यांनाच हवा होता, तेव्हा गोदामातले दगड भरावात जाणार होते. मॅडम तिथल्या तोमर साहेबांना भेटायला गेल्या. मी सोबत होतो. तोमर साहेब तरुण, सभ्य माणूस. त्यांनी चहा मागवला, फाइल काढली आणि मॅडमपुढे सरकवली.

"मैडम, रखने का कोई कारण तो चाहिए. रिपोर्ट साफ कहती है, कुछ नहीं है. और रिपोर्ट पे साइन भी आपके ही हैं."

"साइन मेरे हैं. पत्थर थोड़े ही मेरे हैं."

"सोमवार को ट्रक लगेंगे, मैडम. उसके पहले कुछ हो तो बताइए."

तो दिवस बुधवार होता. परत आल्यावर गाडीतून उतरताना मॅडम म्हणाल्या, "दगड भरावात गेले की माझी चूक कायमची खरी ठरणार."

शुक्रवारी मला भैरवगढला जायचं होतं. एका व्यापाऱ्याच्या छापील चादरींचे फोटो काढायचे होते. बाईंचं मन जरा रमेल म्हणून मी त्यांना बळेच सोबत नेलं. तिथे लोखंडाचा गंज आणि गूळ कुजवून काळा रंग करतात, तो बघायला त्या एरवीही जातच असत. छापखान्यात करीमचाचा नावाचे जुने कारागीर चादरीवर बुट्टी भरत बसले होते. ठोकळा रंगात बुडवायचा, कापडावर ठेवायचा, वरून मुठीने ठोका द्यायचा. मी कॅमेरा लावत होतो. मॅडम पाहत होत्या. चाचांनी डावीकडून उजवीकडे एक ओळ छापली. दुसरी ओळ सुरू केली ती उजवीकडूनच, आणि छापत छापत डावीकडे आले.

मॅडम एकदम उठून उभ्या राहिल्या. "चाचा, ये उलटी तरफ से क्यों?"

"उलटी कहाँ, बाईसाब? हाथ यहीं तो था. खाली हाथ उधर वापस क्यों ले जाऊँ?"

"पर लिखते तो इधर से हैं ना, बाएँ से?"

चाचा हसले. "लिखना किसको आता है, बाईसाब."

मॅडमच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. मला वाटलं, यांना काही झालं. त्यांनी माझा दंड धरला आणि जवळजवळ ओरडल्या, "भेरूलाल! शरदराव, भेरूलालला लिहिता येत नव्हतं!"

माझ्या चादरी राहिल्या. मोटारीत बसल्यावर त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेनाने पेटी काढून मला समजावलं. भेरूलाल हा भोक पाडणाऱ्या यंत्रावरचा मिस्त्री. कोअर पेटीत मांडायचं काम त्याचं. एका पेटीत पाच ओळी, प्रत्येक ओळ मीटरभर लांब. आपण लिहिता-वाचता येणारी माणसं पहिली ओळ संपली की पुन्हा डावीकडे जातो. भेरूलालला अक्षरओळखच नव्हती. तो पुन्हा डावीकडे कशाला जाईल? त्याचा हात उजवीकडे होता, त्याने दुसरी ओळ उजवीकडूनच सुरू केली असणार, तिसरी डावीकडून, नांगर फिरतो तशी. मॅडमनी मात्र सगळ्या ओळी पुस्तकासारख्या वाचल्या. म्हणजे दर दुसरी ओळ उलटी वाचली.

"आणि शीर मीटरपेक्षा जाड असेल तर ती एका ओळीत मावणारच नाही. ओळीच्या टोकाला वळणारच. जिथे ती वळली, तिथे मी तिचे दोन तुकडे केले! चारही भोकांत!"

"पण खोलीचे आकडे नसतात का पेटीत?"

"लाकडी ठोकळ्यांवर असतात. ते पेट्या माझ्याकडे येईपर्यंत वाळवीने खाल्ले होते. मिस्त्रीला विचारायला हवं होतं. तो बिचारा दारात उभा होता, शरदराव. म्हणाला, बाईजी, मैं बता दूँ? आणि मी म्हणाले, मला डिग्री आहे." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी त्या हसतही होत्या. मी गाडी बाजूला घेतली, कारण मलाही पुढचं नीट दिसेना.

शनिवारी सकाळी गोदाम उघडलं. तोमर साहेब सुट्टी सोडून आले होते, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. आम्ही पहिल्या भोकाची बारा नंबरची पेटी ओढून उजेडात आणली. जुन्या रिपोर्टप्रमाणे या पेटीत दोन शिरा होत्या, एक साठ सेंटीमीटरची, एक पंचाहत्तरची, मध्ये कोरा दगड. मॅडम फरशीवर मांडी घालून बसल्या. पहिल्या ओळीचा उजवीकडचा शेवटचा तुकडा त्यांनी डाव्या हातात घेतला, दुसऱ्या ओळीचा उजवीकडचा तुकडा उजव्या हातात, आणि दोन्ही तुटके काठ एकमेकांना लावले.

बसले नाहीत.

त्यांनी तुकडा फिरवला. नाही. पुन्हा फिरवला. नाही. तोमर साहेबांनी घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न केला. मी म्हणालो, "मॅडम, दुसरी पेटी बघू का?" त्यांनी मला नजरेनेच गप्प केलं. मग तुकडा तोंडाशी नेला, काठ चाटला आणि पदराने पुसला. पंचेचाळीस वर्षांची माती निघाली. आता काठावरचा एक बारीक टवका स्पष्ट दिसू लागला. मॅडमनी डोळे मिटले, अंगठ्याने काठ चाचपला, तुकडा जरासा वळवला आणि लावला.

टक् असा आवाज आला. तो आवाज तोमर साहेबांनीही ऐकला.

दोन तुकड्यांच्या मधली भेग केसाएवढी राहिली. गारगोटीची एक पांढरी रेघ या तुकड्यावरून त्या तुकड्यावर न अडखळता गेली होती. मॅडमनी पुढचा तुकडा लावला. बसला. त्याच्या पुढचा लावला. बसला. मी एकेका सांध्याचा फोटो काढत गेलो. फरशीवर पिवळ्या-मोरपंखी दगडाची एक सलग कांडी तयार झाली. तोमर साहेब स्वतः गुडघ्यांवर बसले आणि टेप लावली.

"एक मीटर पैंतीस," ते हळूच म्हणाले.

"काय दिसतंय?" मॅडमनी विचारलं.

तोमर साहेबांना मराठी येत नाही, पण तो प्रश्न त्यांना कळला. "एक ही नस है, मैडम. पूरी की पूरी."

संध्याकाळपर्यंत चारही भोकांच्या पेट्या जुळल्या. सोमवारी ट्रक आले आणि हरी टेकरीच्या पेट्यांना हात न लावता दुसरा राडारोडा घेऊन गेले. मॅडम फाटकात उभं राहून ते पाहत होत्या. त्या दिवशी त्यांनी ट्रकवाल्यांनाही पोहे खाऊ घातले.

दुरुस्तीचा रिपोर्ट त्यांनी स्वतः लिहिला. तोमर साहेबांनी सुचवलं, "मैडम, लिख देते हैं कि पेटियाँ गलत जमी थीं." मॅडम भडकल्या. पेट्या बरोबर होत्या, भेरूलालने मांडल्या त्या बरोबर मांडल्या, चूक वाचणारीची होती, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं आणि खाली पूर्ण सही केली. भेरूलाल आता हयात नाही. रिपोर्टात त्याचं नाव आलं, कोअरची मांडणी अचूक करणारा म्हणून. त्या पानाची छापील प्रत मॅडम बडनगरकडे त्याच्या मुलीला स्वतः नेऊन देऊन आल्या. तिने ती वाचून घेतली, घडी केली आणि घरातल्या देवाजवळ ठेवली.

मग कागद हलले आणि हरी टेकरीवर एक नवीन भोक मंजूर झालं. खाण होईल की नाही हा पुढचा प्रश्न. त्यावर मॅडमचं म्हणणं एवढंच की टेकडीबद्दल आधी खरं तर कळू दे, मग काय करायचं ते गावाला विचारून ठरवा. भोक कुठे पाडायचं आणि शीर कुठल्या खोलीवर लागेल, ते त्यांनी चार जुळवलेल्या कोअरवरून आधीच काढून तोमर साहेबांकडे बंद पाकिटात देऊन ठेवलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत ती शीर लागली. मी, प्रकाश, तोमर साहेब, यंत्रावरची माणसं आणि निम्मं गाव, सगळे टेकडीवर होतो. नळी वर आली, मिस्त्रीने हातोडीने ठोकून कोअर बाहेर सरकवला. आधी राखाडी दगड, पुन्हा राखाडी दगड, आणि मग पिवळं. पिवळं संपेचना. मिस्त्री मांडत गेला आणि मॅडम त्याच्या शेजारी बसून प्रत्येक तुकड्याला त्यालाच विचारत होत्या, "भैया, ये किधर से आया? इसका ऊपर कौन सा?" मिस्त्री सांगत होता आणि त्या लिहून घेत होत्या. टेप लावली. तोमर साहेबांनी पाकीट फोडलं, कागद बघितला, पेटी बघितली. खोलीत जेमतेम वीतभर फरक होता.

तोमर साहेबांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं. म्हणाले, "मैडम, आप सही थीं."

मॅडम उठल्या. गुडघ्यांचं भान नव्हतं, पदर कमरेला खोचलेला, तोंडावर दगडाचा पांढरा चिखल उडालेला. दोन्ही हात वर करून, साऱ्या टेकडीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"सही नहीं थी, भैया! गलत थी! पैंतालीस साल गलत थी! आज साबित हो गया, लिखो!"

आणि निम्मं गाव टाळ्या वाजवू लागलं.